शुगर, बीपी, किडनीच्या पेशंटचे दात: घरी कोण कसं सांभाळतं?

आबोली_डिचोली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आज धागा काढतेच. घरात आई आहे, वय ६८, शुगर खूप वर्षांची, बीपी आहे आणि गेल्या वर्षी स्टेंट बसवला. तिचे डोळे दर वर्षी तपासतात, पायाच्या तळव्यांना संवेदना आहे का ते बघतात, किडनीची टेस्ट होते, पण तोंड उघडून दाखवा असं आजवर एकाही डॉक्टरने तिला म्हटलेलं नाही. आता हिरड्या सुजल्यात, आणि पुढच्या दातांच्या मधल्या हिरड्या तर अशा वाढल्यात की दात आखूड दिसायला लागलेत. ब्रश लावला की रक्त येतं म्हणून ती त्या बाजूला ब्रशच नेत नाही, बोटाने दंतमंजन फिरवते आणि चूळ भरते, झालं. काही म्हटलं की "मागीर पळोवया", म्हणजे नंतर बघू. एक दाढ हलतेय. जवळच्या एका क्लिनिकात नेली तर गोळ्यांची यादी न बघताच सांगितलं की रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा आणि दाढ काढायला या. हार्टच्या डॉक्टरना फोन केला तर ते म्हणाले एक दिवससुद्धा बंद करायची नाही. आता आम्ही मध्ये लटकलोय. ज्यांच्या घरात असे जुने आजार आहेत ते दातांचं काय करता ते सांगा प्लीज, डॉक्टरांकडचं पण आणि रोजचं घरातलं पण, कारण मला वाटतं खरी गोची घरातच आहे.

मांडवीकाठ
गोळी बंद करू नकोस गं. आमच्या यजमानांचा स्टेंट झाला तेव्हा हेच ऐकवलं होतं एकांनी. आम्ही हार्टच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घेतलं की कुठल्या गोळ्या चालू आहेत, स्टेंट कधी बसवला आणि काय बंद करायचं नाही. तो कागद दाताच्या डॉक्टरसमोर ठेवला आणि मग त्याच गोळ्या चालू ठेवून दाढ काढली, काही झालं नाही. फोनवर तोंडी निरोप पोचवत बसू नकोस, कागद घे.

दंतवैद्य_सासष्टी
आबोलीताई, मी दातांचा डॉक्टर आहे, सासष्टीत प्रॅक्टिस करतो. इथे बसून तुमच्या आईंचं निदान करता येणार नाही पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत त्या लिहितो.

आधी गोळीचं. ऍस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना दाढ काढता येते. जागा दाबून धरतात, टाका घालतात, रक्त थांबवणारा स्पंज ठेवतात. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ झिरपतं, पण थांबतं. उलट नव्या स्टेंटला गोळी सोडली तर आत गुठळी होऊ शकते आणि ते जिवावरचं आहे. ज्यांना ऍसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालू आहे त्यांचं वेगळं, त्यांनी दाढ काढायच्या आधी एकदोन दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, करून रिपोर्ट हातात घेऊन यायचं, मग आकडा बघून ठरवता येतं. पण कुठलीच गोळी पेशंटने किंवा आम्ही दातवाल्यांनी परस्पर बंद करायची नाही.

दुसरं, तुम्ही लिहिलंय हिरड्या वाढून दात आखूड दिसतायत. बीपीची गोळी कुठली आहे बघा. ऍम्लोडिपिन, निफेडिपिन या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात, फिट्सच्या फेनिटॉइननेही वाढतात, किडनी बदललेल्यांना सायक्लोस्पोरिन देतात त्यानेही. दातांवर कीट साचलेलं असेल तर वाढ जास्त होते. सफाईने बराच फरक पडतो, आणि गरज असेल तर फिजिशियन गोळी बदलून देतात. ही गोळीसुद्धा मनाने सोडायची नाही, नाही तर बीपी वर जाईल.

आता शुगर. शुगर वाढलेली असली की हिरड्यांना इन्फेक्शन लवकर होतं आणि जखम भरायला वेळ लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. उलटी बाजू कमी जणांना माहीत आहे. हिरड्या सतत सुजलेल्या असल्या की ती सूज शरीरभर परिणाम करते, इन्सुलिनचं काम बिघडतं आणि शुगर ताब्यात यायला त्रास देते. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट केली तर एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, साधारण ०.४ टक्क्यांनी खाली येतो असं अभ्यासांत दिसलंय. आकडा छोटा दिसतो पण एक जादा गोळी लागायची की नाही हे कधीकधी तेवढ्यावरच ठरतं. आणि आपल्या गोव्यात हे जास्तच मनावर घ्यायला हवं. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरच्या पाहणीचे आकडे आले त्यात डायबेटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात होतं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. इतक्या लोकांच्या तोंडात कोण बघतंय?

खाजन
आमच्या बाबांचं डायालिसिस चालू आहे आठवड्यातून तीनदा. त्यांचं दातांचं दुखणं निघालं तेव्हा आम्हाला काय काय कळलं ते लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. एक म्हणजे डायालिसिसच्या दिवशी दाताचं काम करायचं नाही, कारण मशीनवर घेताना हेपारिन देतात रक्त गोठू नये म्हणून, आणि त्यात पेशंट दमलेला असतो. दुसऱ्या दिवशी जायचं. दुसरं म्हणजे ज्या हाताला फिस्टुला (डायालिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली नस) आहे त्या हातावर बीपीचा पट्टा कोणाला बांधू द्यायचा नाही, दातवाल्याकडे खुर्चीत बसल्या बसल्या बांधतात म्हणून आधीच सांगायचं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, दात दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, ब्रुफेनसारखी पेनकिलर आणून द्यायची नाही. थोडीफार किडनी शिल्लक असते तीही जाते. आम्हाला नेफ्रॉलॉजिस्टनी पॅरासिटॅमॉल सांगितलंय, ते पण किती घ्यायचं ते विचारून.

आणि त्यांचं तोंड सारखं कोरडं. पाणी मोजून प्यायचं असतं त्यामुळे घसा ओला करायला पण विचार करावा लागतो. तोंडाला धातूसारखी चव येते म्हणतात, वास पण येतो, त्यामुळे ते माणसांत बोलायचेच बंद झाले होते. शेजारी भजनाला बोलवायचे तर हे नको म्हणायचे. आम्हाला वाटायचं थकल्यामुळे असेल.

सुरंगी
खाजन, वाचून वाईट वाटलं. आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत आंब्याच्या पानाने दात घासायच्या आणि नव्वदीत स्वतःच्या दाताने खायच्या, त्यामुळे मला वाटतं हिरड्यांसाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, लवंगेचं तेल, कडुलिंबाची काडी हे करून बघायला काय हरकत आहे? सगळ्यालाच औषधं कशाला. आणि मशेरीचं पण सांगते, आमच्याकडे अजून दोघीतिघी लावतात, म्हणतात त्याशिवाय तोंड साफ वाटत नाही.

दंतवैद्य_सासष्टी
सुरंगीताई, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या खुशाल करा, फक्त बीपी किंवा किडनीवाल्यांनी ते पाणी गिळायचं नाही. आंब्याच्या पानालाही माझा विरोध नाही पण त्याच्या जोडीला ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवी. लवंगेचं तेल कापसाने थेट हिरडीवर लावू नका, हिरडी भाजते, आणि शुगरवाल्याची भाजलेली हिरडी भरून यायला वेळ लागतो. कोळसा, राखुंडी, खरखरीत मंजन नको, दाताचं वरचं कवच झिजतं.

मशेरी मात्र आजच बंद करा असं हात जोडून सांगतो. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्या खाली सरकतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे, आणि शुगर असलेल्या बाईने मशेरी लावली तर हिरड्यांची दुप्पट नासाडी. सवय लागलेली असते, एका दिवसात सुटत नाही हे मान्य, पण घरच्यांनी ती आणून देणं तरी थांबवा.

खाजन, बाबांचं तोंड कोरडं आहे त्यासाठी बर्फाचा छोटा खडा तोंडात धरता येतो, पण तो पण दिवसाच्या पाण्यात मोजायचा. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तर लाळ सुटते. मेडिकलमध्ये कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं. लिमलेटच्या गोळ्या, खडीसाखर चघळत राहणं टाळा, कोरड्या तोंडात दात किडायला वेळ लागत नाही कारण लाळ धुऊन काढायचं काम करते तीच नसते. आणि कोरड्या तोंडाच्या सगळ्यांनाच सांगतो, सोलकढी जेवणाबरोबर प्या, पेला घेऊन दिवसभर घोट घोट नको, आंबटाने दात विरघळतात. बीपीच्या, डिप्रेशनच्या, ऍलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्यामुळे हे फक्त किडनीवाल्यांचं नाही. जीभ पण रोज साफ करा म्हणजे वास कमी होईल. आणि ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर त्याआधी दात पूर्ण तपासून घ्यावेच लागतात, तेव्हा आतापासून सुरुवात करा.

कुशावती
माझी लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झाली होती, नंतर ती बदलली, कृत्रिम आहे. माझ्यासारख्यांनी दाढ काढताना किंवा हिरड्यांची खोल सफाई करताना आधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो, नाही तर तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. कुठला डोस ते डॉक्टर सांगतात. हे प्रत्येक हार्ट पेशंटला लागत नाही, स्टेंटवाल्यांना लागत नाही, म्हणून ऐकून घरीच गोळी घेऊ नका. पण ज्यांची झडप बदललीय त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी पहिलं वाक्य हेच सांगायचं. मी पाकिटात चिठ्ठी ठेवते. आणि मला कार्डिऑलॉजिस्टनी सांगितलेलं मनात बसलंय की तो एक डोस वर्षातून कधीतरी, पण रोज ब्रश करताना आजारी हिरडीतून जंतू रक्तात जातच असतात, म्हणून रोजची सफाई जास्त मोलाची.

रानवाट
दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंप मारल्यावर चूळ भरून थुंकायची, दर वेळी. माझ्या जिभेवर पांढरा थर आला होता, फंगस निघालं. पंपाला स्पेसर (पुढे जोडायची नळी) लावल्यावर आणि चूळ भरायला लागल्यावर परत आलं नाही.

सिस्टर_फोंडा
मी नर्स आहे, बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता घरी जाऊन अंथरुणावरच्या पेशंटना बघते. वर सगळं चालत्या बोलत्या पेशंटचं आलंय म्हणून पॅरालिसिसवाल्यांचं लिहिते कारण तिथे तोंडाची सफाई न केल्याने न्यूमोनिया होतो आणि घरच्यांना कळत पण नाही तो कुठून आला. तोंडातली घाण आणि जंतू लाळेबरोबर चुकीच्या नळीत उतरतात, छातीत.

माझी पद्धत अशी. पेशंटला शक्य तितकं बसतं करायचं, पाठीमागे उशा, मान मागे टाकलेली नको, हनुवटी किंचित खाली. बसता येतच नसेल तर कुशीवर वळवायचं म्हणजे पाणी गालातून बाहेर येईल. गळ्याखाली टॉवेल, हनुवटीखाली वाटी किंवा ट्रे. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यायचा, डोकं छोटं असतं त्यामुळे मागच्या दाढेपर्यंत जातो. पेस्ट वाटाण्याएवढी पण नको, नुसती पुसटशी, फेस झाला की ठसका लागतो. आधी बॅटरी लावून लुळ्या बाजूच्या गालात बघायचं. तिथे त्यांना कळत नाही म्हणून अन्न साठून राहतं. मी एका आजोबांच्या गालातून सकाळच्या पेजेची शितं संध्याकाळी काढलीत, आणि सून बिचारी दिवसातून दोनदा पुढचे दात घासून द्यायची. ओल्या गॉजने गाल, टाळू, जीभ पुसून घ्यायची. बोट दातांच्या मध्ये घालू नका, चावतात, त्यांच्या हातात नसतं ते. गॉज चमच्याच्या दांड्याला घट्ट गुंडाळा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी कधीच ओतायचं नाही. शेवटी ओठांना व्हॅसलीन. जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही.

बोलून करा सगळं. "आता गाल बघते हां मामा" असं म्हटलं तर तोंड उघडतात. न सांगता ब्रश घातला तर ओठ घट्ट मिटतात आणि मग घरचे म्हणतात हे सहकार्य करत नाहीत.

ज्यांचे हात कापतात किंवा बोटं वाकलीत संधिवाताने, त्यांच्या ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवा. जाड झाला की धरता येतो. स्वतःच्या हाताने होतंय तोवर स्वतःच करू द्या, मागून फक्त एकदा बघून घ्या.

आबोली_डिचोली
सगळ्यांचे खूप खूप आभार. काय झालं ते सांगते. आईला बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात घेऊन गेलो. सकाळी लवकर निघालो, तिला नाश्ता आणि गोळ्या देऊनच नेलं, पर्समध्ये ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी ठेवली. मांडवीकाठताईंनी सांगितल्यासारखा हार्टच्या डॉक्टरांचा कागद घेतला होता. गर्दी होती, थांबावं लागलं, पण तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने गोळ्यांची यादी एकेक करून वाचली आणि ऍम्लोडिपिनवर बोट ठेवून विचारलं, ही कधीपासून चालू आहे? सर, मला तेव्हाच बरं वाटलं. तिने फिजिशियनला चिठ्ठी दिली, त्यांनी गोळी बदलली. हिरड्यांची सफाई टप्प्याटप्प्याने केली. दाढ गोळ्या चालू ठेवूनच काढली, टाका घातला, कापूस दाबून बसवून ठेवलं आणि रक्त थांबलेलं बघूनच घरी सोडलं. संध्याकाळपर्यंत लाळेत लाल दिसत होतं, ते होणार म्हणून सांगितलेलंच होतं. त्या दिवशी गार पेज आणि दही.

हिरड्या अजून पूर्ण खाली गेल्या नाहीत, वेळ लागेल म्हणालेत. पण रक्त खूपच कमी झालंय. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश दिलाय, तो तिला आवडलाय. खिडकीजवळ लहान आरसा लावून दिला, रात्री सिरियल संपली की ती तिथे उभी राहून करते. पूर्वी रात्रीचा ब्रश कधीच नव्हता आमच्याकडे. आता नातू पण तिच्या शेजारी उभा राहून करतो.

दंतवैद्य_सासष्टी
फार बरं वाटलं वाचून. आता दर तीन महिन्यांनी दाखवा, शुगरवाल्यांना वर्षातून एकदा पुरत नाही. लाल पाण्याच्या माउथवॉशची बाटली दिली असेल तर सांगितलेत तितकेच दिवस वापरा, क्लोरहेक्सिडिनने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. पेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास जाऊ द्या मग ते वापरा, लगेच वापरलं तर असर कमी होतो.

म्हादई
उशिरा येतेय पण दोन प्रश्न आहेत. भावोजींना जिभेचा कॅन्सर निघालाय, ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं ठरलंय. आणि सासूबाईंना हाडं ठिसूळ झालीत म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन देतात. दोघांचेही दात खराब आहेत. सत्तरीतून बांबोळी म्हणजे अख्खा दिवस जातो म्हणून आधी विचारते, कोणाला आधी न्यायचं?

दंतवैद्य_सासष्टी
भावोजींना, आणि रेडिएशन सुरू व्हायच्या आधी. जे दात वाचणार नाहीत ते आधीच काढतात आणि जखम भरायला निदान दोन आठवडे लागतात, म्हणून तारीख ठरायची वाट न बघता या आठवड्यातच न्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनाही सांगून जा. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर कधीकधी हाड भरून येत नाही, सडू शकतं, आणि तो धोका आयुष्यभर राहतो. ट्रीटमेंट चालू असताना तोंड आलं तर पेलाभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून बऱ्याचदा गुळण्या करायच्या, अल्कोहोल असलेला माउथवॉश अजिबात नको. लाळ कमी होते म्हणून जास्त फ्लोराइडची जेल लागते, ती डॉक्टर लिहून देतील.

सासूबाईंचं इंजेक्शन झोलेड्रोनिक ऍसिडचं असेल तर दात काढण्याच्या आधी दातवाल्याला ते सांगायलाच हवं. आठवड्यातून एकदाची ऍलेंड्रोनेटची गोळी असते तिचंही तेच. क्वचित पण जबड्याचं हाड उघडं पडतं. पुढचं इंजेक्शन बाकी असेल तर त्याच्या आधी दात दाखवून घ्या. भीतीने इंजेक्शन मात्र टाळू नका, खुब्याचं हाड मोडणं जास्त वाईट.

म्हादई
आभारी आहे. सोमवारीच नेतो भावोजींना. सासूबाईंना खालची कवळी पण आहे, ती रात्री पण घालूनच झोपतात, चालतं का?

सिस्टर_फोंडा
नाही चालत. रात्री काढायची, हिरड्यांना मोकळं राहू दे, नाही तर खाली फंगस होऊ शकतं, शुगर असली तर जास्तच. साध्या साबणाने मऊ ब्रशने घासायची आणि रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाणी नको, वाकडी होते. धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. कवळी काढल्यावर ओल्या गॉजने हिरड्या पण पुसायच्या, दात नाहीत म्हणून ती जागा सोडू नका. आणि कधी ऍडमिट करायची वेळ आली तर कवळी कागदात गुंडाळून उशीशी ठेवू नका, कचरा समजून टाकली जाते, मी वॉर्डात कितीदा बघितलंय. झाकणाची डबी घ्या, वर नाव लिहा आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला दाखवून ठेवा.